'पाटाची बायको' म्हणजे कोण?

प्रश्न असा: इंग्रजी अमदानीतल्या वाटणीच्या कागदात 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' असा भेद दिसतो. दुसरी म्हणजे ठेवलेली बाई का?

नाही. पाट हा जातीने मानलेला विवाहच. विधवेचा किंवा सोडचिठ्ठी मिळालेल्या बाईचा दुसरा विवाह तो पाट. काही भागांत त्यालाच मोहतर, म्होतूर म्हणत. बाईच्या जन्मात 'लग्न' एकदाच, पुढचा तो पाट. पुरुषाला मात्र कितीही 'लग्नं' करायची मुभा! पाटाच्या बायकोची मुलं औरस धरली जात, वारसाहक्कही मिळे. मान मात्र कमी: विधी रात्री उरकत, सवाष्णी तिथे फिरकत नसत. नवरा बिनलग्नाचा असेल तर आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावायची चाल होती.

कागद वाचताना पहिला नवरा हयात होता का, ते आधी बघा. हयात असेल तर त्याची सोडचिठ्ठी (कुठे 'फारकत') शोधायची. नुसत्या पंचायतीच्या परवानगीवर लावलेला पाट कोर्टात टिकत नसे. जातीला असा अधिकार नाही, असं मुंबई हायकोर्टाने 1876 मध्ये ठरवलं. मग पिनल कोडाच्या 494 कलमाखाली (नवरा हयात असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा) त्या बाईवर खटला होऊ शके.

विधवेचा घोटाळा वेगळाच. 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह कायदेशीर केला, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. कुणबी-माळ्यांत पाट आधीपासूनच रूढ होता; त्यांना या कायद्याची गरज काय? तरी मुंबई हायकोर्टाने हे कलम त्यांनाही लावलं. अलाहाबादच्या हायकोर्टाने बरोबर उलट धरलं. म्हणून वाटणीच्या दाव्यात 'पाट लागला' की 'नाही लागला' यावरच सगळी झुंज. पाट शाबीत झाला की जमीन दिराकडे किंवा पुतण्याकडे.

क्रियापद 'लावणे' किंवा 'लागणे': 'तिचा पाट अमक्याशी लागला'. ब्राह्मणांत विधवाविवाह सुरू झाले तेव्हा मात्र 'पुनर्विवाह' हा संस्कृत शब्द पुढे आला. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी केला तो पुनर्विवाह. त्याला 'पाट' कुणी म्हणत नाही. गोष्ट एकच, शब्द जातीप्रमाणे.

ठेवलेल्या बाईला जुन्या मराठीत 'राख' असा स्वतंत्र शब्द आहे.