तुमच्या हयातीत स्त्रियांच्या नोकरीविषयीच्या अपेक्षा आणि संधी कितपत बदलल्या?

मी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले, त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः पगारदार मध्यमवर्गीय स्त्रियांपुरते आहे. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर शाखा भराभर वाढल्या आणि वशिला नसलेल्या पदवीधर मुलींनाही लेखी परीक्षा देऊन बँकेत शिरता येऊ लागले. घरच्यांची अपेक्षा मात्र लग्न ठरेपर्यंत आणि, सासरी चालले तर, घराचे हप्ते फिटेपर्यंत नोकरी करावी, एवढीच असे.

खरी अडचण पदोन्नतीच्या वेळी येई. अधिकारी झाले की बदली ठरलेली, तीही बहुधा ग्रामीण शाखेत. परिपत्रक आले की पुरुष सहकारी अभ्यासाला लागत आणि आम्ही जेवणाच्या सुट्टीत मुलांच्या इयत्ता, सासूबाईंचे आजारपण आणि पाळणाघर बंद होण्याची वेळ यांचा मेळ घालत बसत असू. मी अर्ज भरला नाही. माझ्याकडून लेजर लिहायला शिकलेला मुलगा पुढे माझाच शाखाधिकारी झाला; तो हुशार होता यात शंका नाही, पण त्याच्या प्रत्येक बदलीत मुलांच्या शाळा आणि म्हातारी माणसे त्याच्या बायकोने सांभाळली होती.

त्या काळचे नियम आज सांगितले तर मुलींना खरे वाटत नाहीत. एअर इंडियातील हवाई सुंदरीची नोकरी पहिल्याच गरोदरपणात संपवण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केली, आणि आयुर्विमा महामंडळात रुजू होणाऱ्या स्त्रीकडून मासिक पाळीचा तपशील लिहून घेण्याची पद्धत बंद व्हायला १९९१ उजाडावे लागले. पुढे महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण मिळाले, २०२२ मध्ये लष्करी अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या आणि २०२४ मध्ये सुजाता सौनिक यांच्या रूपाने राज्याला पहिल्या महिला मुख्य सचिव लाभल्या.

प्रसूतीची भरपगारी रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे उत्तमच झाले; पण तिचा खर्च बहुतांशी मालकावरच असल्याने माझ्या भाचीला एका खासगी कंपनीच्या मुलाखतीत ‘लग्नाचा काय विचार आहे?’ असे विचारले गेले. प्रश्न अर्थातच तोंडी होता, कागदावर काही नव्हते.

अपेक्षांमधला सर्वांत मोठा बदल मी घरातच पाहिला. सुनेला बढतीवर बेंगळुरूला जायचे होते, तेव्हा मुलाने इथली नोकरी सोडून तिकडे दुसरी शोधली आणि मधले काही महिने घर तिच्या पगारावर चालले. माझ्या भावाला ते अजूनही पटलेले नाही. आमच्या वेळी मात्र असा पर्याय असू शकतो, हे आमच्यापैकी कोणीच, मीसुद्धा, जेवणाच्या सुट्टीतल्या त्या चर्चेत कधी बोलून दाखवले नव्हते.