लेकराच्या कलानं शिकू द्यायचं, मग मोठ्यांनी काय करायचं?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा चौदा महिन्यांचा आहे, 'त्याच्या कलानं शिकू द्या' असं सगळे सांगतात, मग मोठ्यांनी नुसतं बघत बसायचं का? आणि सासूबाई म्हणतात, "शिकवल्याबिगर लेकरू शिकतंय व्हय?"

मी परभणी जिल्ह्यात अंगणवाडीचं काम करते. नुसतं बघत बसायचं नसतं. उलट मोठ्यांना कामं बरीच असतात.

मागं एका पालक मेळाव्यात दीड वर्षाची एक पोर स्टीलच्या डब्याला झाकण लावत बसली होती. झाकण उलटं. दाबून बघितलं, आपटून बघितलं, चाटूनही झालं. आजीचा हात पुढं आलाच, "आण इकडं, मी लावून देते." मी म्हटलं, "मावशी, थांबा जरा." पोरीनं झाकण पालथं केलं आणि ते टक्कन बसलं. तिनं लगेच मान वर करून आजीकडं बघितलं. आजी म्हणाली, "बसलं गं माय झाकण!" पोरीनं ते काढलं आणि पुन्हा लावायला घेतलं. तुमचं काम तेच, जे त्या आजीनं केलं. जवळ बसायचं, हात आवरायचा आणि लेकरानं बघितलं की त्याच्याशी बोलायचं. तेवढ्यात आपण मोबाइलमध्ये असलो तर त्याचं बघणं वाया जातं.

दुसरं काम जागेचं. वाट्या, चाळणी, पळी, रिकामे डबे असं चार वस्तूंचं सामान त्याच्या हाताला येईल असं खाली ठेवा. शेंगदाणे, हरभरे, ज्वारीचे दाणे, बटणं मात्र उचलून ठेवा, ती नाकात किंवा घशात अडकतात. आपल्याकडं पाणी साठवावं लागतं, म्हणून भरलेली बादली आणि टाकी उघडी ठेवूच नका. एवढ्याशा पाण्यातही लहान लेकरू बुडू शकतं. जागा अशी केली की दिवसभर "नको, नको" म्हणावं लागत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अंघोळ आणि मालिश. हंगेरीच्या डॉक्टर एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी बालगृह सुरू केलं. तिथं बाळाला आंघोळ घालताना, कपडे बदलताना घाई करत नसत. आता काय करणार ते बाळाला सांगायचं आणि त्याच्या प्रतिसादाची वाट बघायची. तुम्हीही "आता हात वर कर बरं" म्हणा आणि क्षणभर थांबा. चौदा महिन्यांचं लेकरू हात स्वतः उचलतं. बाकी वेळी त्याला मोकळं खेळू द्यावं, हेही त्यांचंच म्हणणं. स्वतःहून बसता येत नाही त्या बाळाला उशा लावून बसवायचं नाही, धरून चालवायचं नाही. म्हणून चाकाचा वॉकर घेऊ नका. जुना लाकडी पांगुळगाडा चालेल, पण लेकरू आपणहून धरून उभं राहायला लागल्यावरच, आणि कुणीतरी शेजारी हवं.

कलानं घ्यायचं म्हणजे सगळं त्याच्या मनासारखं, असं नाही. दुसऱ्या लेकराला मारलं तर हात धरायचा, चुलीकडं गेलं तर उचलायचं. पण "रंग ओळख", "ए फॉर अ‍ॅपल" हे चौदाव्या महिन्यात नकोच. मोबाइलवरची गाणीही नकोत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मोबाइल-टीव्हीचा पडदा नको. सासूबाईंना म्हणा, तुम्ही ओव्या म्हणा, बडबडगीतं म्हणा. त्या शिकवायला तयार आहेतच, त्यांच्याकडं हा खजिनाही असणार.

तुमच्या अंगणवाडीत 'नवचेतना' विचारा. २०२४ मधला केंद्राचा हा आराखडा जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिन्यागणिक काय खेळायचं ते सांगतो. आणि चालण्याची काळजी असेल तर, बहुतेक लेकरं आठ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान एकट्यानं चालतात. अठरा महिने उलटूनही चालत नसेल, किंवा हाक मारली तरी वळून बघत नसेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.