घामाला वाट द्या

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जातो. माझा शर्ट शंभर टक्के कॉटन. कॉलेजात जाणारा मुलगा पॉलिस्टरचा ‘ड्राय-फिट’ टी-शर्ट घालतो. दादर येईस्तोवर माझा शर्ट पाठीला चिकटलेला असतो, त्याचा जवळजवळ कोरडा. उन्हाळ्यात सुतीच घालावं हे खोटं आहे का?

उत्तर : खोटं नाही, अर्धवट आहे. कापूस ओलावा पितो. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, कोरड्या कापसाच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी नुसतं हवेतून त्याच्यात येऊन बसतं. पॉलिस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्के. म्हणून पंख्याखाली बसून काम करताना सुतीसारखं सुख नाही. अंगातून निघणारी वाफ कापूस आधीच घेतो, कातडीला चिकचिक जाणवत नाही.

पण घामाच्या धारा लागल्या की हाच गुण आडवा येतो. कापूस घाम घेतो आणि धरून बसतो. तंतू फुगतात, विणीतली भोकं बुजतात, कापड जड होऊन अंगाला लागतं. माझी नोकरी इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यात, झाली. तिथं स्टेंटर नावाचं लांबलचक मशीन असतं, कापड ताणून गरम हवेत सुकवायचं. पॉलिस्टरचा लॉट लागला की मशीन पळवायचं. जाड सुती लागला की वेग कमी, आणि शेठचं सगळं लक्ष इंधनाच्या बिलाकडे. सुतीतलं पाणी काढायला काय लागतं, हे त्या बिलाइतकं स्वच्छ कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

आणि घाम नुसता टिपला म्हणून गारवा येत नाही, तो उडायला हवा. एक ग्रॅम घाम कातडीवरून उडाला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो (भौतिकशास्त्रातल्या कॅलरी, डाएटवाल्या नव्हेत). तोच घाम शर्टाच्या बाहेरच्या बाजूवरून उडाला तर त्यातली बरीचशी उष्णता कापडातून आणि हवेतून घेतली जाते, तुमच्या वाट्याचा गारवा तेवढा कमी.

आता चिरंजीवांचा टी-शर्ट. पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण चांगल्या स्पोर्ट्सवेअरमध्ये तंतूंना लांबीभर बारीक खाचा ठेवलेल्या असतात. दिव्याची वात तेल ओढते तसा घाम त्यातून ओढला जातो, बाहेरच्या अंगाला मोठ्या जागेवर पसरतो आणि पटकन सुकतो. फूटपाथवर मिळतो तो बहुतेक वेळा नुसता गुळगुळीत पॉलिस्टर, ‘ड्राय-फिट’ फक्त लेबलवर. ओळखायचं असेल तर टी-शर्ट उलटा करून आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच पसरून मोठा डाग झाला तर ठीक. मण्यासारखा बसून राहिला तर दुकानदाराला परत द्या. वास मात्र पॉलिस्टरला जास्त मारतो, कारण अंगाचं तेल त्याला धरून राहतं. तो त्याच दिवशी धुवायला टाका म्हणावं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मे महिन्यात आपल्याकडची हवा आधीच वाफेनं भरलेली, त्यात गर्दीच्या डब्यात वारा नाही. तिथं कुठल्याही धाग्याचा घाम झटपट उडणार नाही. म्हणून मी धाग्याच्या जातीपेक्षा विणीकडे बघतो. तुमचा शर्ट घट्ट विणीचा जाड कॉटन असणार, ऑफिसवेअर म्हणून तोच विकतात. त्याऐवजी बारीक सुताचं, म्हणजे जास्त काउंटचं, विरळ विणीचं कापड घ्या. वॉईल किंवा मलमल विचारा. दुकानातच कापड तोंडाशी धरून फुंका, पलीकडे तळहाताला फुंकर लागली पाहिजे. आणि एक माप सैल शिवा. अंगाबरोबरचा ‘स्लिम फिट’ आपल्या हवेसाठी नाहीच, मग तो कशाचाही असो.

प्रश्न : आमचे सासरे यवतमाळजवळ शेती करतात. ऐन मेमध्येही पूर्ण बाह्यांचा सदरा, धोतर, डोक्याला दुपट्टा. नातवंडं म्हणतात, बनियनवर जा, हवा लागेल. कोणाचं बरोबर? आणि कपडा पांढराच हवा का?

उत्तर : सासऱ्यांचं. कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. हवा ४४ अंशांवर गेली की अंगाला लागणारा वारा स्वतःची उष्णता अंगाला देतो, वरून उन्हाचा मारा वेगळाच. सैल सुती कापड ऊन अडवतं. तिकडची कोरडी हवा घाम झरझर उडवते, म्हणून ओला दुपट्टा विदर्भात गार वाटतो, मुंबईत नुसता ओला वाटतो. उघडं अंग म्हणजे ऊन थेट कातडीवर. पाणी मात्र त्यांना भरपूर प्यायला लावा, कोरड्या हवेत घाम किती गेला ते कळत नाही.

रंगाचं म्हणाल तर १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छान निबंध आला होता : वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात? मोजमाप करून पाहिलं तेव्हा काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापलेला निघाला, पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच. काळ्यानं घेतलेली जादाची उष्णता सैल झग्याच्या आत खेळणारी हवा बाहेर काढत होती. याचा अर्थ काळा शर्ट गार असतो असा काढू नका. अंगाला चिकटणारा असेल तर पांढराच बरा. पण विरळ पांढऱ्या मलमलीतून अतिनील किरण बरेच आत येतात, दिवसभर शेतात असणाऱ्यानं मध्यम विणीचं कापड घ्यावं.

प्रश्न : सुती साड्यांना कडक खळ देते. त्यानं जास्त उकडतं का?

उत्तर : दोन्ही होतं. खळीनं धाग्यांमधल्या जागा भरतात, हवा कमी जाते. पण खळीचं कापड अंगापासून सुटं राहतं, निऱ्यांत हवा खेळते. घाम फुटेपर्यंत सुख, फुटला की खळ चिकट होते. उन्हाळ्यात पातळ द्या, ब्लाउजला देऊच नका. फॅब्रिक सॉफ्टनरही बंद ठेवा, त्याचा थर बसला की कापड पाणी प्यायचं कमी होतं. नवीन कोऱ्या टॉवेलनं अंग नीट पुसलं जात नाही, तेही बहुधा गिरणीतल्या सॉफ्टनरमुळेच. दोन-तीन धुण्यांत निघतो.