सीझेड ७५ पिस्तुलात ११.५ पौंडांची हलकी हॅमर स्प्रिंग घातल्यापासून अधूनमधून गोळी उडत नाही. काय तपासू?

घोडा (हॅमर) पडला आणि बार झाला नाही, तर नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटूही शकतं.

मग ते बाहेर काढून प्रायमरवरची, म्हणजे बुडाशी ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवरची, खूण बघा. उथळ असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचाच. मूळची साधारण २० पौंडांची असते, तुम्ही ११.५ ची घातली आहे. फेडरल कंपनीचे प्रायमर मऊ, ते तेवढ्यावर पेटतात. सीसीआय कंपनीचे कडक, ते रुसतात. मूळ स्प्रिंग परत घालून त्याच काडतुसांवर चालवून बघा. फरक पडला तर मधल्या वजनाची घ्या. स्वसंरक्षणासाठी ठेवलेलं पिस्तूल असेल तर मूळचीच राहू दे, हे माझं स्पष्ट मत.

घरी पिस्तूल उघडताना मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

ट्रिगर सोडल्यावर पुढे येत नसेल तर त्याला पुढे आणणारी रिटर्न स्प्रिंग बघा. पण स्लाइड (वरचा सरकणारा भाग) पुढे जाताना तिच्याबरोबर घोडाही खाली येत असेल, किंवा एकदा ट्रिगर ओढल्यावर दोन बार झाले, तर पिस्तूल वापरणं तिथेच थांबवा आणि गनस्मिथकडे द्या. सिअरला (घोडा अडवून धरणारा भाग) स्वतः कानस लावू नका.