भात सोडायला सांगू नकोस

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. एवढं सगळं मोबाइलवर टाइप करायला माझा अंगठा चालत नाही, म्हणून कागद घेतला. आरोग्य उपकेंद्राच्या वजन उतरवायच्या शिबिराला ४४ बायका आल्या, पुढच्या महिन्यात तिघी उरल्या, त्यातल्या दोघींचं वजन उलट वाढलेलं. तू विचारतेस, चुकलं कुठे? रात्रीचा भात बंद, नारळ बंद, सकाळी उठून ४५ मिनिटं चाला, असं तू सांगितलंस. ऐकणाऱ्या बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या. अगं, मीही आरोग्याच्या नोकरीची पहिली दहा वर्षं हेच सांगत पाखाड्या, म्हणजे आपल्या डोंगरातल्या पायऱ्यांच्या वाटा, चढले-उतरले. कोणी ऐकलं का, हे परत जाऊन कधी विचारलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं असंच मला वाटत राहिलं.

शिकले ते निवृत्तीनंतर, स्वतःच्या अंगावर.

५८ व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ६० किलो होते, ६२ व्या वर्षी ७१. उंची १५२ सेंटिमीटर, उंचीला वजन किती जास्त तो हिशेब तू कर. खाणं तर वाढलं नव्हतं, मग हे आलं कुठून? एक दिवस चहाचे कप मोजले तेव्हा उमगलं. गृहभेटीला गेलं की घरोघर चहा, नको म्हटलं की माणसं रुसतात, तुलाही आता अनुभव आला असेल. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर. निवृत्तीनंतर भेटी थांबल्या, कप थांबले नाहीत. शेजारणी माझ्याकडे यायच्या, मी त्यांच्याकडे जायचे. बारा चमचे म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. नोकरीत असताना ती पाखाडीवर जिरत होती, आता कमरेवर बसली.

आणि मग ते गणपतीतलं. भावाकडे जेवायला पंगतीत खाली बसले. जेवण झालं, सगळे उठले, मला उठता येईना. डावा हात जमिनीवर टेकला, उजवा हात आधार शोधता शोधता थेट पानातल्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात. शेवटी भाचेसुनेने दोन्ही काखांत हात घालून मला उभं केलं. पोर काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझं पान टेबलावर वाढलेलं होतं. मला काट्यावरच्या ७१ चं एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं त्या टेबलाचं वाटलं.

घरी आले आणि जे करू नये तेच केलं. भात बंद, रात्रीचं जेवण बंद, साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी मात्र रोजच्यासारखी चालू. चौथ्या दिवशी संध्याकाळी विहिरीपाशी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. उंबऱ्यापर्यंत कशीबशी आले, नातीने गुळाचा खडा तोंडात दिला. आयुष्यभर दुसऱ्यांची साखर तपासणाऱ्या बाईला स्वतःची साखर उतरलेली कळायला दहा मिनिटं लागली. म्हणून आधी हे लिहून ठेव: ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यातही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन, त्यांचं जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. बीपीच्या गोळ्यांचंही तेच, वजन उतरू लागलं की डोस पुन्हा बघावा लागतो. गोळीत आपण हात घालायचा नाही आणि बायकांनाही घालू द्यायचा नाही.

आता उतारवयाचं वेगळं काय, ते सांगते. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातात, साठीनंतर आणखी वेगाने. उपास करून भराभर वजन उतरवलं की चरबीबरोबर हा स्नायूही जातो. वजन पुन्हा वाढतं तेव्हा मात्र चरबीच जास्त परत येते. म्हणजे पंचवीस वर्षांच्या मुलीला जे चालतं ते साठीच्या बाईला पंगतीतून उठवत नाही. घाई नको. सहा महिन्यांत पाच ते सात टक्के उतरलं तरी पुष्कळ. मी ७१ ची, माझ्यासाठी ते पाचच किलो होते. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यांचं लक्ष्य एवढंच होतं, सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईला झालेल्या अभ्यासात घट कमी होती, सुमारे २८ टक्के, पण झाली. ‘ह्या वयात आता काय करूचा हा?’ म्हणणारी एक तरी भेटेलच. तिला साठीपुढच्यांचा आकडा सांग.

आणि भाताचं. तुझ्या गावातली आजी तुला म्हणाली ना, ‘भाताशिवाय माका जेवल्यासारख्या वाटणा नाय’? ती बरोबर आहे. भात सोडवायच्या भानगडीत पडू नकोस. तिच्या आईचा दिवस आठवायला सांग. पहाटे राहाटाने पाणी काढायचं, पाट्यावर वाटण, शेतात चिखलात लावणी, दुपारी डोक्यावर भारा. त्या अंगाला सकाळी दहाची पेज आणि दुपारचा ढीगभर भात लागायचा. आता नळ आला, मिक्सर आला, लावणीला मजूर येतात. पेज राहिली, भात राहिला, आणि वर सकाळचा नाश्ता नवा आला, चहाबरोबर बेकरीतलं कडक बटर नाहीतर खारी. मी विचारते, पेज की खारी, एक काय ते ठरव. शंभरातल्या नव्वद जणी पेज ठेवतात. खारी जाते, तिच्यातला डालडा जातो, आणि कोणी काही सोडल्याचं दुःख करत बसत नाही.

उकडा तांदूळ कितीही खाल्ला तरी चालतो, असं कोणी सांगितलं तर मान हलवू नकोस. पॉलिशच्या तांदळापेक्षा थोडा बरा, पण तो भातच. मी एवढंच केलं, पानात आधी मासा आणि भाजी, ती निम्मी झाली की मग भात. भात डावाने न वाढता वाटीने, दोन वाट्या, आणि टोप चुलीपाशीच ठेवायचा, पंगतीत आणायचा नाही. निम्म्या वेळा दुसऱ्यांदा उठायचा कंटाळा येतो. आपल्या आळसाचा असाही उपयोग होतो.

बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ २० ग्रॅम प्रथिनं असतात, साठीच्या बाईला तेच हवं असतं. राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढांना वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम सांगते, वयस्कांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ धरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. आपल्याकडे मासा बाईच्या पानात शेवटी पडतो, मधला तुकडा पुरुषांना, मुलांना, आणि हिला डोकं आणि रस्सा. हे मी डोळ्यांनी शेकडो घरांत बघितलंय. आहाराचा तक्ता देण्याआधी तिच्या पानात काय पडतं ते विचार. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा खारा बांगडा निघतो, पण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असताना तो बीपीवाल्यांना परवडत नाही. त्या दोन महिन्यांत कुळथाची पिठी, चवळी, मूग, अंडी. कुळीथ आपल्या मातीतला आहे, शंभर ग्रॅमला २०-२२ ग्रॅम प्रथिनं देतो, आणि आपण तो गरिबाचा म्हणून मागे ढकलला. नारळ बंद करू नकोस, वाटणाचा नारळ मोजून घ्यायला सांग. चार माणसांना अर्धी कवड, म्हणजे पाव नारळ पुरतो. तळणीचं तेल कमी झालं तर नारळाकडे बघायचीही गरज पडत नाही.

चालण्याचं माझं आधी बिनसलं. निवृत्तांचा एक घोळका रोज आचऱ्याच्या किनाऱ्यावर जायचा, मीही जायला लागले. ओहोटीची ओली वाळू टणक असते, पाय छान पडतात. सुक्या रेवेत मात्र पोटऱ्या भरून येतात, गुडघे बोलायला लागतात. सगळं ठीक होतं, पण भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी सहाला मिळालेली टणक वाळू शुक्रवारी सव्वानऊला. रोज वेळ बदलली की रोज ठरवावं लागतं, आणि रोज ठरवावं लागलं की एक दिवस नको वाटतं. तिसऱ्या आठवड्यात मी घरी.

मग चालणं समुद्राला न बांधता जेवणाला बांधलं. जेवण झालं, हात धुतले की लगेच दहा मिनिटं, तिन्ही वेळा. आठवड्याला दोनशे मिनिटं झाली की! जेवणानंतरच्या चालण्याने साखरही कमी उसळते. पावसात माझी पडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस पावलं, ४५ फेऱ्या. पहिले काही दिवस सून हसायची. आता विहीण आली की दोघी मिळून घालतो. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे ऐकतेस ते विसर. लंडनच्या एका अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, कोणाला १८ लागले तर कोणाला २५४. मला पडवी लागली ती चार महिन्यांनी. बायकांना हे आधीच सांगितलं की पंचविसाव्या दिवशी त्या स्वतःला नालायक ठरवत नाहीत.

जोडीला ताकदीचा व्यायाम लागतो. हात छातीशी धरून स्टुलावरून उठायचं, बसायचं, आधी पाच वेळा, मग दहा. भिंतीला हात लावून ढकलायचं. किलोकिलोच्या दोन पिशव्या तांदूळ भरून उचलायच्या. आठवड्यातून दोनदा पुरे. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यात तीनदा सांगितलेत, ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं त्यातलंच. पाखाडी चढायला उत्तम, उतरताना मात्र गुडघे धरणाऱ्यांनी कठड्याचा आधार घ्यावा.

पुरुषांचं थोडक्यात सांगते, ते शिबिराला येतच नाहीत. त्यांचं पोट संध्याकाळच्या ग्लासात आणि त्याबरोबरच्या शेवेत असतं. त्यांना बायकोकडून निरोप पाठवू नकोस, भांडणं होतात. नाक्यावर बीपी तपासायला बस, आपोआप जमतात.

मुंबईचे चाकरमानी गणपतीत आले की वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल विचारतील. २०२५ पासून ती आपल्याकडेही मिळतात. काम करतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीची गोष्ट, आणि प्रथिनं-व्यायाम नसेल तर तिथेही स्नायू जातोच. कुरिअरने येणाऱ्या पावडरींबद्दल मला काही विचारू नकोस, तोंडाचा पट्टा सुटतो.

आणि एक विसरू नकोस. कोणी काही न करता बारीक झाली तर सगळ्यांसमोर टाळ्या वाजवू नकोस. साठीनंतर आपणहून वजन उतरलं तर साखर, थायरॉइड, टीबी, कर्करोग, सगळं बघावं लागतं. माझ्या हातून एकदा अशी शाबासकी दिली गेली आहे. ती बाई आता नाही.

माझं सांगायचं तर चौदा महिन्यांत नऊ किलो गेले, मग दोन परत आले. आज ६४ आहे. गेल्या गणपतीत खाली बसले आणि हात न टेकता उठले. भाचेसून बघत होती, मी मुद्दाम पुन्हा एकदा बसून उठले.

तू त्या तिघींपासून सुरुवात कर. वजनकाटा ओटीवर नको, आत ठेव, बायका सगळ्यांसमोर काट्यावर चढायला लाजतात. ‘काय खाता’ असं विचारण्याआधी ‘वजन कशासाठी उतरवायचंय’ हे विचार. कोणी नातवाला कडेवर घ्यायचं म्हणेल, कोणी आंगणेवाडीच्या जत्रेत रांगेत उभं राहायचं म्हणेल. ते सी-बॅक फॉर्मच्या, म्हणजे घरोघरी भरायच्या आरोग्य तपासणीच्या अर्जाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेव, पुढच्या महिन्यात त्याबद्दलच विचार. कंबर मात्र दर महिन्याला मोज, मर्यादा बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०.

आणि उपकेंद्रातली कापडी टेप आधी लाकडी पट्टीवर धरून बघ. दोन पावसाळ्यांत ती ताणते. माझ्या टेपने एके वर्षी अख्ख्या वाडीच्या कंबरा इंचभर कमी दाखवल्या होत्या आणि मी तसा अहवालही वर पाठवला होता.

तुझी,
बाई