नोरॅबाङ आणि मुकबाङ: 'बाङ' एक की दोन?

प्रश्न असा आला आहे: दक्षिण कोरियातल्या सोलच्या सहलीची तयारी करताना नोरेबांग, जिमजिलबांग, पीसीबांग हे शब्द सारखे दिसतात. त्यातला 'बांग' म्हणजे काय? मुकबांगमधलाही (कॅमेऱ्यासमोर खाण्याचा कार्यक्रम) तोच का? आणि मराठीत ती बांग म्हणायचं की तो?

आधी उच्चार. शेवटी 'ग' नाही, नुसता 'वाङ्मय'मधला ङ आहे. आपल्या लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर असताना रोमन स्पेलिंग बघून 'बांग' का लिहायचं? मी 'बाङ' लिहितो.

बाङ म्हणजे खोली. पीसीबाङ ही कंप्यूटरची खोली. नोरॅ म्हणजे गाणं, म्हणून नोरॅबाङ ही गाण्याची खोली: आपल्याच मंडळींनी तासावर घ्यायची, अनोळखी लोकांसमोर गायचं नाही. जपानचं कॅराओके बुसान शहरामार्गे कोरियात रुजलं आणि 1991च्या सुमारास त्याला हे घरगुती नाव मिळालं. पाटीवर मात्र बऱ्याचदा 'नोरॅ यॉन्सुप्जाङ', म्हणजे गायनाच्या सरावाची जागा, असं सरकारी नाव असतं. ते ओळखता आलं तर शोधाशोध वाचते. ऑफिसातली मंडळी संध्याकाळी बाहेर पडली की जेवण ही 'इल्छा', म्हणजे पहिली फेरी, मग बिअरची 'ईछा'. नोरॅबाङची पाळी बहुधा त्यानंतर येते.

चिम्जिल (प्रश्नातलं 'जिमजिल') म्हणजे शेक, आपण दुखऱ्या पाठीला देतो तोच. त्यामुळे चिम्जिलबाङला 'स्पा' म्हणणं मला पटत नाही. तिथे आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एकसारखे टीशर्ट-चड्डी घालून गरम जमिनीवर लोळतात, भाजलेली अंडी सोलतात, थंडगार शिखे हे भाताचं गोड पेय पितात. अनेक ठिकाणी रात्रभर झोपताही येतं. स्नानगृहं मात्र स्त्री-पुरुषांची वेगळी असतात आणि तिथे कपडे न घालताच उतरायचं असतं, हे आधी माहीत असलेलं बरं. आत पुन्हा पिवळ्या मातीची ह्वाङ्थोबाङ, मिठाची सोगुम्बाङ, म्हणजे खोलीच्या पोटात खोल्या.

या सगळ्यांच्या आधीपासूनची आहे सराङबाङ. जुन्या कोरियन घरात यजमान पुरुष पाहुण्यांना बसवत ती खोली. आपल्या वाड्यातली बैठक म्हणा. पाहुणचाराला स्वतंत्र खोली हवी ही कल्पना तिथे किती मुरलेली आहे, ते या शब्दावरून कळतं.

आता मुकबाङ. इथला बाङ वेगळा. 'बाङसोङ' म्हणजे प्रसारण, त्याचं हे पहिलं अक्षर. 'मॉक्' हे 'खाणे' या क्रियापदाचं मूळ. कोरियन लिपीत दोन्ही बाङ सारखेच दिसतात, पण मूळ चिनी अक्षरं वेगळी आहेत. कोरियन माणूस म्हणतो 'मॉक्पाङ'. 'मुक' हा रोमन स्पेलिंगचा परिणाम.

लिंगाचा निकाल यातूनच लागतो. खोलीवरून 'ती नोरॅबाङ', 'ती चिम्जिलबाङ'. कार्यक्रमावरून 'तो मुकबाङ'. कुणी सरसकट 'ते' वापरलं तर व्याकरणाची हरकत नाही, पण मग दोन शब्दांमधला फरक पुसला जातो.