नोकरी सोडून, फ्लॅट विकून जग फिरायला निघावं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: वय 36, पुण्यात आयटीत नोकरी, बायकोचीही तयारी आहे, आई-वडील नाशिकला. फ्लॅट विकायचा आणि त्या पैशात पाच-सहा वर्षं जग बघायचं असं मनात आहे. हे शहाणपणाचं आहे का, आणि सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय.

जरूर निघा. फक्त फ्लॅट विकू नका, आणि राजीनामा लगेच टाकू नका. मी आणि माझा नवरा चाळिशीत ठाण्यातलं घर भाड्याने देऊन निघालो. त्याआधी मी विमा कंपनीत होते, तो कॉलेजात शिकवायचा. आजही वर्षाचा बराचसा काळ आम्ही बाहेर असतो. या जगण्यावर माझा मनापासून जीव आहे, म्हणूनच सविस्तर लिहितेय.

पैसे पुरतील का, हे सगळेच विचारतात. आपल्या पासपोर्टवर फिरणाऱ्याला त्याहून जास्त घोर व्हिसाचा असतो. युरोपच्या शेंगेन व्हिसाची (या एकाच व्हिसावर तिथले बरेच देश फिरता येतात) कागदपत्रं बघा: बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. यातले अर्धे कागद नोकरीतून येतात. अर्ज तपासणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की हा माणूस परत जाईल ना. अमेरिकेच्या कायद्यात तर कलम 214(बी)मध्ये ते सरळच लिहिलंय. पर्यटक व्हिसा मागणारा तिथे कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. आता विचार करा, नोकरी नाही, घर विकलेलं, खात्यात मात्र एकरकमी मोठी रक्कम आलेली. असा अर्ज बघून कुठल्याही अधिकाऱ्याच्या भुवया वर जाणारच. मागे ठेवलेलं घर, दर महिन्याला जमा होणारं भाडं आणि नियमित भरलेलं विवरणपत्र, हाच नोकरी सोडलेल्या भारतीय प्रवाशाचा आधार आहे.

म्हणून अजून वर्षभर नोकरीत राहा आणि रजा टाकून अवघड देश आधी करून घ्या. युरोपला खरोखर जाऊन या, मुदतीत परत या. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियमाने वापरलेल्या भारतीयांना पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा मिळू शकतो. हा नियम 2024 च्या एप्रिलमध्ये आला. (तरी कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याची मर्यादा राहतेच.) अमेरिकेला जायचं असेल तर तो अर्जही याच काळात करा. आपल्याकडे तो पर्यटक व्हिसा साधारणपणे 10 वर्षांचा मिळतो आणि त्याच्या जोरावर इतरही दारं उघडतात. तो चालू असेल तर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ बघायचंच. अर्जात काहीही खोटं लिहू नका. एजंट 'ताई, नोकरी चालू आहे असंच दाखवू' म्हणाला, तर तिथून उठून या.

घर भाड्याने देताना कराराची नोंदणी करा, महाराष्ट्रात ती सक्तीची आहे. 11 महिन्यांनी नवा करार करायची वेळ येईल तेव्हा तुम्ही कुठे असाल सांगता येत नाही. तेव्हा विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र जायच्या आधीच करून ठेवा. परदेशात बसून ते करायचं म्हणजे वकिलातीची वेळ घ्या, साक्षांकित करा, इथे पाठवा आणि मग तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आमच्यासाठी हे सगळं माझा दीर बघतो. त्याच्याशिवाय आमचं फिरणं दोन महिनेही टिकलं नसतं.

विम्याचं मी जरा जास्तच बोलते, पण ऐका. इथली आरोग्य पॉलिसी बंद पाडू नका. 'बाहेरच असणार, हप्ता कशाला भरायचा' हा विचार फार जणांच्या मनात येतो. पॉलिसी तुटली की आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो, आणि परत याल तेव्हा तुमची चाळिशी उलटलेली असेल. प्रवासविमा वेगळा घ्यायचा, तोही निघण्याआधी, भारतात असतानाच. वार्षिक प्रवासविमा हे नाव फसवं आहे. त्यात वर्षभरात कितीही प्रवास चालतात, पण प्रत्येक प्रवासाच्या दिवसांना मर्यादा असते. ती ओळ वाचूनच पैसे भरा. आणि आपला इथला मोबाइल नंबर रोमिंगसह जिवंत ठेवा. ओटीपी आला नाही की स्वतःच्याच खात्यातले पैसे हलवता येत नाहीत.

आता आई-वडील. तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत केलाय, पण मला वाटतं तुमची झोप तिथेच उडत असणार. आमच्याकडे सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, 'गणपतीला असाल ना?' तेव्हापासून गणपतीला आम्ही घरी असतो. आधी ते त्यांच्यासाठी होतं. मग लक्षात आलं की आमच्या साऱ्या वर्षाची घडीच त्यावर बसलीय. गौरी-गणपती उरकले की त्यांच्या रक्ताच्या तपासण्या, डोळे, दात करून घ्यायचे. आमची पॉलिसी, नवा प्रवासविमा, बँकेची कामं हातावेगळी करायची. शेंगेनसारखे व्हिसे, जे आपण राहतो त्याच देशातून मागायचे असतात, त्यांचे अर्ज तेव्हाच टाकायचे. सलग पाच वर्षं बाहेर राहण्याचा हट्ट कशासाठी? दरवर्षी घरी येऊन पुन्हा निघणाऱ्याचंही जग बघून होतंच. शिवाय आम्ही कुठेही असलो तरी एका दिवसात मुंबई गाठता येईल इतके पैसे वेगळ्या खात्यात असतात. त्याला हात लावायचा नाही. बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा आम्ही ताश्कंदला होतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेपाशी होते. त्या खात्याचं मोल मला विचारा.

घरचे म्हणतील, ही असली खुळं आपल्या लोकांची नव्हेत. त्यांना सांगा, 1923 मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले होते. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी ती फेरी पुरी केली आणि 1928 मध्ये ते मुंबईत परतले. बाकीचे तिघे वाटेत थांबले. मला त्या थांबलेल्या तिघांबद्दलही आदर वाटतो. निघाल्यावर सहा महिन्यांनी तुमच्या पत्नीला किंवा तुम्हाला वाटलं की पुरे झालं, तर परत यायला स्वतःचं घर असावं, एवढ्यासाठीसुद्धा तो फ्लॅट राहू द्या.

सुरुवात कुठून? मी व्हिएतनाम सांगेन. ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो आणि खर्च आवाक्यात राहतो. तीन महिन्यांत तीनच गावं करा. रोज हॉटेल बदलत राहिलात तर पैसा आणि जीव दोन्ही आटतं. महिन्याच्या भाड्याने खोली घेतली की दर बराच खाली येतो, आणि शेजार मिळतो. ह्यू या तिथल्या शहरात आमची घरमालकीण खाली राहायची. एका संध्याकाळी तिने दारात छोटं टेबल मांडलं. त्यावर फुलं, केळी, पाण्याचे पेले आणि धुपाच्या काड्या. पौर्णिमा होती. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांस-मासे खात नाहीत. थोड्या वेळाने ती वर आली ती झाकलेली ताटली घेऊन. गवती चहा आणि मिरची घालून परतलेलं टोफू, बाजूला भात. मी शाकाहारी आहे हे तिने बाजारात माझ्या पिशवीवरून ताडलं होतं. पुढच्या प्रतिपदेला ती मला बरोबर घेऊन गेली, पाटीवर 'चाय' (तिथल्या भाषेत शाकाहारी, आपला चहा नव्हे) लिहिलेली खानावळ कशी शोधायची ते दाखवायला. दोन रात्रींच्या मुक्कामात हे झालं नसतं.

तेव्हा आधी कंपनीत तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का विचारा आणि तेवढे तीन महिने तिकडे काढा. तिथे खर्चाची वही पत्नीच्या हातात द्या आणि रोजचा दिवस कसा गेला हे दोघांनी वेगवेगळं लिहा. परत आल्यावर त्या वह्या एकमेकांना वाचायला द्या, राजीनाम्याचं मग ठरवा. नाशिकला बोलण्याआधी काही विचारायचं असेल तर इथेच खाली लिहा, मी उत्तर देईन.